मीनाताई सिनेमा सांगतात

मीनाताई ‘सुंदर’ हा शब्द वापरत नाहीत. निदान सिनेमा सांगताना तरी नाही.

मला हे कळलं ते चारचौघांत फजिती होऊनच. नाशिक रोडच्या एका सोसायटीचा हॉल, रविवारची दुपार, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर मोठा टीव्ही आणि त्या टीव्हीकडे तोंड करून बसलेली माणसं. यातल्या कुणालाच तो टीव्ही दिसत नव्हता. पडद्यावर काय चाललंय ते मागे बसून माईकवर सांगायचं, हे इथलं काम. नाटकाचा कोर्स संपवून मी इंदिरानगरला घरी बसले होते आणि मैत्रिणीच्या ओळखीने मीनाताईंच्या हाताखाली शिकायला आले होते. त्या दिवशी माईक पहिल्यांदा माझ्याकडे आला. नायिका जिना उतरायला लागली आणि मी आवाजात मध कालवून म्हटलं, “आणि आता एक अतिशय सुंदर मुलगी जिन्यावरून खाली येते आहे...”

“कशावरून?” पहिल्या रांगेतून सगुणाबाई.

“म्हणजे?”

“सुंदर कशावरून? तू म्हणती म्हणून?”

हॉल हसला. मीनाताईंनी माझ्या हातातून माईक काढून घेतला आणि शेजारणीला निरोप द्यावा तशा साध्या आवाजात सुरू केलं. “मुलगी जिना उतरतेय. कॅमेरा तिच्या पायांपासून वर चढतोय, सावकाश. पाय, कंबर, केस. चेहरा सगळ्यात शेवटी. खोलीतली बाकीची माणसं हातातलं काम थांबवून तिच्याकडे बघतायत. उजेड फक्त तिच्या तोंडावर आहे.”

“हां! हिरोईन आली,” केरूनाना खुर्चीत सरसावून बसले. केरूनाना प्रेसमधून रिटायर झाले आणि मग शुगरने त्यांची नजर गेली. जुन्या नायिका त्यांना अजून डोळ्यांसमोर दिसतात.

“ते तुम्ही म्हणालात, नाना. मी नाही.”

नंतर चहाचा कप माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, “सुंदर आपण नाय सांगायचं, हर्षाली. सुंदर वाटावं म्हणून त्यांनी काय काय केलंय, ते सांगायचं. पुढचं ज्याचं तो ठरवतो.”

मीना भोये मूळच्या सुरगाण्याकडच्या डोंगरातल्या. आश्रमशाळेत शिकल्या, पुढे एक्स-रे काढायचा कोर्स केला आणि आता नाशिक रोडच्या एका खाजगी दवाखान्यात तेच काम करतात. दिवसभर “श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा.” सिनेमा सांगतानाही त्यांचं तेच. पात्रं बोलत असली की त्या श्वास धरून ठेवतात. पात्रं गप्प झाली की सोडतात. संवादावर त्यांचा एक शब्द कधी चढलेला मी ऐकला नाही. मी मात्र पहिल्या महिन्यात नायकाच्या निम्म्या वाक्यांवर पाय दिला असेल.

हे सगळं सुरू झालं घरातच. त्यांचे यजमान ललितदादा त्याच भागातले. विशीत असताना त्यांची नजर हळूहळू विझत गेली. लग्न झालं तेव्हा त्यांना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळत होता, आता तोही नाही. एका सरकारी कार्यालयात ते टेलिफोन सांभाळतात आणि सिनेमाचं त्यांना भयंकर वेड.

“बोलतात तोवर ठीक असतं गं,” दादांनी मला एकदा सांगितलं होतं. “पण बोलायचं थांबतात ना, तिथं मी दाराबाहेर. आत सगळं घडतंय आणि मी चपला सांभाळतोय.”

मग मीनाताई भाजी निवडता निवडता सांगायला लागल्या. दादा विचारायचे, “आता काय चाललंय?”

“काय नाय. बघतायत एकमेकांकडं.”

“कसे बघतायत?”

“त्या ‘कसे’नं मला कामाला लावलं बघ,” ताई म्हणतात. “मला वाटायचं, मला दिसतंय. कसं दिसतंय ते सांगायची वेळ आली तेव्हा कळलं, मी नुसती टीव्हीसमोर बसलेली होते.”

दादांचे मित्र यायला लागले, घर पुरेना, मग सोसायटीचा हॉल. दर रविवारी एक सिनेमा. आदल्या आठवड्यात ताईंच्या घरी तो आधी आवाज बंद करून बघायचा, मग आवाज लावून. आवाज बंद झाल्यावर मला पहिल्यांदाच दिसायला लागलं, की श्रीमंत माणूस बोलतो तेव्हा कॅमेरा त्याच्यासमोर बसतो आणि त्याचा नोकर बोलतो तेव्हा कॅमेरा उभाच असतो. ताई हे सगळं टिपायच्या, पण माईकवर त्यातलं ज्ञान शून्य. नुसतं दृश्य.

रंगाचाही त्यांचा एक नियम होता. मी एकदा सहज म्हणून गेले, “एक काळासावळा गुंड येतो.”

“आणि इन्स्पेक्टर कोणत्या रंगाचा होता?” ताईंनी माईकवर हात ठेवून विचारलं.

“गोरा.”

“सांगितलंस?”

“नाही.”

“मग याचाही सांगू नको. नाहीतर दोघांचा सांग. नुसत्या गुंडाचाच रंग सांगितला तर ऐकणाऱ्याला वाटंल, गुंड असाच असतो.”

वेदिका जन्मापासून न बघणारी, कॉलेजात शिकणारी. तिने एकदा विचारलं, “ताई, क्लोजअप क्लोजअप म्हणता, म्हणजे नक्की काय होतं?”

मी हात उंचावून व्याख्या द्यायला निघालेच होते. ताई उठल्या, वेदिकाजवळ गेल्या आणि तिच्या कानाशी वाकून हळूच म्हणाल्या, “असं.”

वेदिका दचकली, मग हसली. “अय्या! म्हणजे न विचारता अंगावर येतात?”

“न विचारताच. कधी प्रेमानं, कधी घाबरवायला.”

त्यानंतर वेदिका दर सिनेमात मध्येच ओरडते, “आता अंगावर आले ना?” आणि तिचं बहुतेक वेळा बरोबर असतं. म्हणते, आवाज जवळ येतो.

सगुणाबाई निफाडकडच्या शेतकरी घरातल्या, विधवा, मुलाकडे राहायला आलेल्या. जिभेला धार. एका सिनेमात गावाकडची विधवा म्हातारी होती, नुसती हसण्यासाठी घातलेली. मी सुचवलं, “ताई, ते जरा वगळूया का? सगुणाबाई बसलेल्या असतात.” ताईंनी वगळलं नाही. म्हातारीची कवळी पडते, लुगडं पायात येतं, ती शेणात बसते आणि कॅमेरा तिच्या तोंडाकडे जातच नाही, सगळं जसंच्या तसं सांगितलं. सिनेमा संपल्यावर सगुणाबाई म्हणाल्या, “म्हंजे आम्ही अश्या दिसतो व्हय ह्यांना? बरं झालं कळलं. नायतर मी दर आठवड्याला ह्यांच्यासंगं हसत बसले असते.”

ताईंचा शब्द म्हणजे या माणसांचे डोळे. तो कधी खाली पडत नसे. म्हणून तो एक रविवार मला विसरता येत नाही.

जंगलात घडणारा एक नवा सिनेमा आला होता. त्याचं शूटिंग सुरगाण्याच्या डोंगरात झालंय, हे दादांनी रेडिओवर ऐकलं आणि त्यांनी हॉल डोक्यावर घेतला. “या रविवारी तोच. आमचा डोंगर, आमची माणसं. तुम्हाला निफाडची द्राक्षं माहीत, आता आमचं बघा!”

“द्राक्षं तुम्ही नाय खात वाटतं?” सगुणाबाई.

“खातो की. म्हणून तर म्हणतो, आता आमचं पाणी प्या.”

त्या आठवड्यात ताईंनी मला घरी बोलावलं नाही. “तू राहू दे. मी एकटीच बघते.” असं कधी झालं नव्हतं. मला वाटलं, माहेरचा सिनेमा आहे, एकटीने बघायचा असेल.

रविवारी दादा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत मधोमध बसले. सिनेमा सुरू झाला. पहिलाच प्रसंग धबधब्याचा. ताईंनी तो असा सांगितला, की माझ्याही अंगावर तुषार उडाल्यासारखं झालं. पाणी कुठे फुटतं, कुठे दगडाला चिकटून उतरतं, खालच्या डोहाचा हिरवा रंग. दादांनी मान वर केली होती. “या डोहात मी पोहलोय,” ते सगळ्यांना म्हणाले. “नजर होती तेव्हा.” ताई बोलायच्या थांबल्या आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या.

पुढचा प्रसंग गावाचा. पडद्यावर जे आलं ते बघून मी खुर्चीच्या कडेला आले. काळे रंगवलेले चेहरे, डोक्यात पिसं, कमरेला पानांचे झगे, गळ्यात शिंपल्यांच्या माळा, हातात भाले.

आणि माझ्या शेजारून ताईंचा शांत आवाज: “बाया पाणी भरून येतायत. गुडघ्यापर्यंत लुगडं. अंगावर लाल फडकी.”

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

“फडकी म्हणजे आमच्याकडं बायका ओढणीसारखं रंगीत कापड घेतात,” दादा पुढून उत्साहाने समजावत होते. “डोक्यावरनं घ्यायचं, कमरेला खोचायचं. माझ्या आईची लाल होती.”

“पुरुष अंगणात जमलेत,” ताई म्हणाल्या. “अंगात सदरा, डोक्याला टॉवेल.”

टीव्हीतून ढोल वाजायला लागला. “हुंबा! हुंबा!” असा घोष. वर शिंपल्यांच्या माळांचा खळखळाट.

“हे काय वाजतंय?” वेदिकाने विचारलं.

“बांगड्या,” ताई म्हणाल्या.

“एवढ्या?” सगुणाबाई म्हणाल्या. “कासार पाय घसरून पडला का काय?”

केरूनाना हसले. दादा हसले नाहीत. “नाच चाललाय का?”

“हो. पावरीवर.” दुध्या भोपळ्याची, लांब शेपटाची, फुंकून वाजवायची पावरी. डोंगरात नाच तिच्यावरच होतो, हे दादांकडूनच मला माहीत होतं.

“पावरी कुठाय?” दादांचा आवाज बदलला. “मला तर ऐकू येत नाय. नुसता ढोल आहे.”

ताईंनी माईक खाली केला.

“मीना, फडकी खळखळत नाय.”

ताईंनी रिमोट उचलला आणि सिनेमा थांबवला. लोकांपुढे त्या दादांना ‘तुम्ही’ म्हणायच्या आणि घरातली डोंगरातली बोली घरातच ठेवायच्या. दादांनी मान न वळवता त्याच बोलीत विचारलं, “खरां सांग. काय आहा?”

“नाय सांगत.”

“का?”

“तू डोहाचं बोलत होतास तेव्हा तुझं तोंड मी बघितलंय. तुला ते दिसत नाय, मला दिसतं. त्या तोंडावर मी हे घालणार नाय.”

विंगेत उभं असताना स्टेजवरच्या नटाचं वाक्य खरं निघावं, तशी माझी गत झाली. काय करावं कळेना. ताईंचा माईक चालूच होता, तो मी बंद करायलाही विसरले.

बोलल्या सगुणाबाई.

“मीना, ती शेणात पडलेली म्हातारी मला सांगितलीस ना? मग माझ्या तोंडावर काय घातलंस गं तवा?”

“तुम्हाला सांगायलाच हवं होतं.”

“आन् ह्याला नको? मी परकी म्हणून माझ्या वाट्याला खरं, आन् नवरा तुझा म्हणून त्याला गोडधोड?”

“सगुणाबाई...”

“आता आणखी येक सांग. ते इन्स्पेक्टरचं पोट, ती जिन्यावरची बाई, मागच्या येळंला मेलेला तो मास्तर. ते तरी खरं होतं का?”

हाच तो प्रश्न होता. केरूनाना हसायचे थांबले. वेदिकाने मागे मान वळवली. एक फडकी चढवली म्हणून या हॉलमध्ये आजवर जे जे दिसलं होतं ते सगळं डगमगायला लागलं होतं. ताईंनाही ते कळलं. त्यांनी माईक तोंडाजवळ घेतला.

“खरं होतं. आजचंच नव्हतं. मागं घेते आणि परत सांगते. ललित, ऐक.”

त्यांनी सिनेमा मागे नेला आणि आवाज अगदी बारीक केला.

“कॅमेरा झुडपात लपलाय. पानांच्या फटीतून बघतोय. वनखात्याचे लोक बिबट्या बघतात ना, तसा. समोर गाव आहे. माणसांचे चेहरे काळ्या रंगानं रंगवलेत. रंग मानेपाशी संपतो. एकाची कानामागची बाजू गोरी राहिलीय.”

“रंग संपला असंल,” केरूनाना चाचरत म्हणाले. कुणीतरी फिस्सकन हसलं.

“कमरेला पानं बांधलीत. अशोकाची. सोसायट्यांच्या कंपाउंडला लावतात ती.”

“आपल्या सोसायटीचीच तोडली का बघा!” सगुणाबाई.

“डोक्यात पिसं. कोंबडीची, वरून निळा रंग दिलेला. गळ्यात समुद्राच्या शिंपल्यांच्या माळा. भाले आहेत. एकानं भाला जमिनीवर टेकवला, तर टोक वाकलं.”

आता हॉल मोठ्याने हसत होता. दादा नव्हते हसत.

“आता जीप आली. हिरो जीपमध्ये उभा. त्याला खालून दाखवलंय, त्याच्यामागं नुसतं आभाळ. मग गावाकडं बघितलं, तर वरून. गावामागं नुसती माती. तो बोलतोय. हे नुसते ‘हुंबा’ करतायत. कुणालाच एक वाक्य दिलेलं नाय.”

हसणं विरून गेलं. सगुणाबाई हळूच म्हणाल्या, “अरं रामा.”

“सगळेच रंगवलेले?” दादांनी विचारलं.

ताईंनी चित्र थांबवलं. उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेल्या, एक्स-रेची फिल्म उजेडासमोर धरून बघावी तशा वाकल्या. मीही मागोमाग गेले.

“नाय,” त्या म्हणाल्या. “पुढचे रंगवलेत. मागं, भिंतीपाशी, गावातली खरी माणसं उभी केलीत. अस्पष्ट आहेत. एक म्हातारा, बंडी घातलेला, ऊन लागतं म्हणून डोळ्यांवर हात. एक पोरगी कडेवर भाऊ घेऊन. आणि एक बाई.”

“काय करतेय बाई?”

ताईंनी बटण दाबून चित्र थोडं पुढे सरकवलं.

“हसतेय. या पुढच्या रंगवलेल्यांकडं बघून. तोंडावर हात घेतलाय, खांदे हलतायत. शेजारणीला कोपरानं ढोसतेय.”

“डायरेक्टरला दिसली नाय?”

“तो हिरोकडं बघत असंल.”

दादा पुढे झुकले. “चालू कर. आणि हिरो राहू दे बाजूला. मागचं सांग.”

मग त्या दुपारी नाशिक रोडच्या त्या हॉलमध्ये तो सिनेमा असा बघितला गेला, जसा बनवणाऱ्यांनीही बघितला नसेल. पुढे मारामाऱ्या झाल्या, नायकाने गाव वाचवलं, नायिकेने गाणं म्हटलं. ताई मागच्या भिंतीपाशी उभ्या माणसांचंच सांगत होत्या. म्हातारा कंटाळून खाली बसला. पोरीने भाऊ दुसऱ्या कडेवर घेतला. स्फोट झाला तेव्हा केरूनाना ओरडले, “ती बाई कुठाय?”

“पळाली. पळतानापण हसतेय.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सिनेमा संपला. एरवी ललितदादा ताईंच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर पडतात. त्या दिवशी त्यांनी खिशातून घडीची काठी काढली आणि उघडली. ताईंनी ते बघितलं. पुढे आल्या नाहीत, जिथे होत्या तिथेच उभ्या राहिल्या.

दाराशी दादा थांबले. “मीना, ती बाई हसत होती, ते तरी खरं ना?”

एवढी वर्षं ताईंना असा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आज तो दुसऱ्यांदा आला होता. मला वाटलं, आता त्या रडतील, निदान शपथ तरी घेतील.

“मला नको विचारू,” ताई म्हणाल्या. “हर्षालीला विचार. ती माझ्याशेजारी होती.”

दादांनी माझ्या दिशेने तोंड वळवलं. नाटकात शिकलेलं सगळं मी बाजूला ठेवलं.

“हसत होती, दादा. तोंडावर हात यायच्या आधी क्षणभर दिसलं. वरचा एक दात नाहीये तिचा.”

“दात?” ताई माझ्याकडे वळल्या. “मी नाय बघितला.”

“तुम्ही तेव्हा कोपराचं सांगत होता.”

“बघ,” दादा म्हणाले, “तुझ्याकडूनपण सुटतं.”

“सुटतं तर. आज तर मी जाणूनबुजून सोडलं.” ताईंनी माझा दंड धरला. “पुढच्या रविवारपासून दोन माईक लावायचे. मी सांगणार, तू बघणार. मी काही गाळलं, बदललं, कुणाची कड घेतली, की तिथल्या तिथं टोकायचं.”

“तुम्हाला? सगळ्यांसमोर?”

“मग काय घरी चिठ्ठी पाठवणार?”

“आन् हीच चुकली तर?” सगुणाबाईंनी जाता जाता विचारलं.

“तुम्ही आहात की. तुम्हाला खळखळाट ऐकू येतो.”

सगुणाबाई नाकातून हसल्या आणि नातवाच्या हाताला धरून पायऱ्या उतरल्या. दादा अजून दारातच होते, आम्ही दोघी तिथवर आलो. विचारात असल्यासारखं त्यांनी काठी एकदा फरशीवर टेकवली. मग तिची घडी घालायला लागले.

“कोणत्या बाजूचा दात?” त्यांनी मला विचारलं.

“डाव्या.”

“तुझी डावी का तिची?”

मी आणि मीनाताई एकदमच बोललो आणि दोघींची उत्तरं वेगळी आली. दादांनी हात पुढे केला, चाचपत ताईंचा खांदा शोधला आणि म्हणाले, “चला, परत लावा तेवढं.”